एका उल्केचे दोन फोटो

२ एप्रिल २०२२ला गुढीपाडवा होता. त्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भ, खानदेश आणि लगतच्या मध्य प्रदेशातील लोकांनी जळत्या तुकड्यांची एक रांग आकाशातून सरकत जाताना पाहिली. सणाचा दिवस, माणसे अंगणात आणि गच्चीवर, हातात मोबाइल. तासाभरात व्हिडिओ गावोगाव पोचले. कोणी उल्कापात म्हणाले, कोणी विमान पडले म्हणाले, कोणाला ते क्षेपणास्त्र वाटले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ धातूचे एक मोठे कडे पडलेले आढळले. परिसरात धातूचा एक पोकळ गोळाही मिळाला. फेब्रुवारी २०२१मध्ये सोडलेल्या चीनच्या चांग चेंग-३बी रॉकेटचा तिसरा टप्पा त्या वेळी वातावरणात शिरत होता, असे हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी दाखवून दिले.

ती उल्का नव्हती हे ओळखायला दुर्बीण लागत नव्हती, घड्याळ पुरेसे होते. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू खाली येते तेव्हा तिचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास असतो आणि ती जवळजवळ आडवी येते. म्हणून ती मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ दिसत राहते. सूर्याभोवती फिरणारा खडा पृथ्वीच्या वाटेत येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला किमान ११ आणि जास्तीत जास्त सुमारे ७२ किलोमीटर असतो. "तो बघ तारा तुटला" हे वाक्य पुरे होण्याआधी तो संपलेला असतो. मोठा अग्निगोल असला तर पाच-दहा सेकंद मिळतात, पण मिनिट नाही.

मला मात्र त्या प्रसंगात रॉकेटपेक्षा व्हिडिओंचे जास्त वाटते. इतक्या लोकांनी एकच वस्तू इतक्या वेगवेगळ्या गावांतून टिपली, आणि त्यातले बहुतेक चित्रण मोजमापाच्या दृष्टीने वाया गेले. माझ्यापर्यंत जे व्हिडिओ आले त्यांत कोणत्या गावातून, कोणत्या दिशेला तोंड करून, नेमके किती वाजता, यांपैकी काहीच नव्हते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो साधा पाठवला की त्याच्या पोटातली जागेची आणि वेळेची नोंद गळून जाते. मग उरते ती एक चमकदार रेघ. ती वाशीमची असो की जळगावची, पाहणाऱ्याला सारखीच.

या लेखात मला सांगायचे आहे ते एवढेच: उल्केचा एका जागेवरून काढलेला फोटो फक्त दिशा सांगतो. तीच उल्का चाळीस-पन्नास किलोमीटर दूरच्या दुसऱ्या कॅमेऱ्यातही आली, तर ती किती उंचीवर पेटली, कुठे विझली, कोणत्या वाटेने आली हे सारे काढता येते. दुसऱ्या फोटोने फोटोचे मोजमाप होते. आणि हे काम वेधशाळेचेच आहे असे नाही. मी ज्या भागात हे फोटो काढतो, तो हिंगोली जिल्ह्यातील वारंगा फाट्याचा परिसर या कामाला चांगला आहे, म्हणून उदाहरणे तिथलीच घेतो.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय दुसऱ्या फोटोचे महत्त्व पटत नाही.

उल्कांकडे आपल्याकडे बारकाईने पाहिले गेले नाही असे नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्कांना स्वतंत्र अध्याय दिला आहे आणि धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् व तारा असे पाच प्रकार केले आहेत. रूप, रंग, शेपटी, आवाज यांवरून वर्गवारी आहे आणि मग शुभाशुभ फळे आहेत. युरोपातही अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत उल्का ही हवेतलीच काही जळणारी वाफ असावी असा समज बळकट होता. १७९४ साली क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने लोखंडी दगड आकाशातून, पृथ्वीबाहेरून येतात असे लिहिले तेव्हा अनेकांनी ते हसण्यावारी नेले.

वाद मिटवायला उंची हवी होती. १७९८ साली ग्योटिंगेन विद्यापीठातील ब्रांडेस आणि बेन्झेनबर्ग हे दोन विद्यार्थी रात्री दोन वेगळ्या जागी जाऊन बसले. दोघांत पंधराएक किलोमीटरचे अंतर. प्रत्येकाने उल्का दिसली की वेळ टिपायची आणि ताऱ्यांच्या नकाशावर तिची वाट आखायची. दोघांच्या नोंदी जुळवल्यावर २२ उल्का अशा निघाल्या की ज्या दोघांनीही पाहिल्या होत्या. त्याच उल्केची रेघ दोघांच्या नकाशांत वेगवेगळ्या ताऱ्यांजवळ होती. त्या फरकावरून उंची आली ती सरासरी नव्वदएक किलोमीटर. ढगांच्या कितीतरी वर. ना दुर्बीण, ना कॅमेरा; दोन माणसे, दोन वह्या आणि मिळवलेली घड्याळे.

बोट डोळ्यांसमोर धरून एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटला की मागच्या भिंतीवर बोट सरकल्यासारखे दिसते, तोच हा प्रकार. इथे दोन डोळे म्हणजे दोन गावे, बोट म्हणजे उल्का आणि भिंत म्हणजे तारे.

उल्केचा पहिला फोटो प्रागमध्ये लाडिस्लाउस वायनेक यांनी २७ नोव्हेंबर १८८५ रोजी घेतला. बीला नावाचा धूमकेतू फुटून त्याच्या चुऱ्याचा जोरदार वर्षाव त्या रात्री झाला होता. पुढे येल विद्यापीठातल्या एल्किन यांनी कॅमेऱ्यांपुढे सायकलचे चाक बसवून त्यावर आडोसे लावले आणि ते फिरते ठेवले. ही युक्ती मला फार आवडते. चाक ठरावीक वेगाने फिरते, आडोसा भिंगापुढून जाताना प्रकाश क्षणभर अडतो, आणि उल्केची अखंड रेघ तुटक ठिपक्यांची होते. दोन तुटींमधला काळ माहीत असतो. म्हणजे रेघेवरच वेग लिहिला जातो.

१९३६पासून हार्वर्डच्या फ्रेड व्हिपल यांनी दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावर दोन कॅमेरे, दोन्हींपुढे फिरता आडोसा. एकातून वाट, दुसऱ्यातून वेग. दोन्ही मिळून त्या खड्याची सूर्याभोवतीची कक्षा. १९४७ साली व्हिपल यांनी अशा फोटोंवरून मिथुन राशीतून येणाऱ्या डिसेंबरच्या उल्कांची, म्हणजे जेमिनिड्सची, कक्षा प्रसिद्ध केली. ती विचित्र होती. दीड वर्षाच्या आसपास फेरी, सूर्याच्या अगदी जवळून जाणारी. असा कोणताही धूमकेतू तेव्हा माहीत नव्हता. बापाचा पत्ता नसलेले हे कुटुंब ३६ वर्षे तसेच राहिले. १९८३ साली आयआरएएस या अवरक्त उपग्रहाच्या नोंदींत सायमन ग्रीन आणि जॉन डेव्हिस यांना एक लघुग्रह सापडला. त्याची कक्षा पाहताच, आता म्हातारे झालेले व्हिपल यांनीच कळवले की ही तर जेमिनिड्सची कक्षा. त्या लघुग्रहाला पुढे फेथॉन हे नाव मिळाले. काचेच्या तबकड्यांवरच्या जुन्या जोडफोटोंनी वडिलांची ओळख पटवली, असे म्हणायला हरकत नाही.

७ एप्रिल १९५९ रोजी चेकोस्लोव्हाकियात झेडेनेक सेप्लेखा यांच्या कॅमेऱ्यांनी एक प्रखर अग्निगोल टिपला. फोटोंवरून दगड कुठे पडले असतील याचा अंदाज बांधला गेला आणि प्रझिब्रामजवळ ते सापडले. दगड हातात आणि त्याची कक्षाही कागदावर, असे जगात पहिल्यांदाच घडले. ती कक्षा मंगळ-गुरूच्या मधल्या लघुग्रहपट्ट्यापर्यंत जात होती.

आता आपल्याकडचे पाहू. २२ मे २०१२ला दुपारी दोनच्या सुमारास नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात मोठे आवाज झाले आणि दगड पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने तुकडे गोळा केले, वर्गीकरण झाले. पुढे आयआयटी खरगपूरच्या संशोधकांसह एका गटाला काटोलच्या दगडात ब्रिजमनाइट हे खनिज सापडले. पृथ्वीच्या पोटात, प्रावरणाच्या खालच्या थरात हे खनिज प्रचंड प्रमाणात आहे, पण आपल्या हाताला ते लागत नाही. म्हणून या शोधाची चर्चा झाली. दगडाचे इतके कौतुक झाले, पण तो सूर्यमालेतल्या कोणत्या वाटेने काटोलला आला हे सांगणारा एकही मोजलेला फोटो नाही. दिवसाची घटना असल्यामुळे रात्रीचे कॅमेरे कामाला आलेही नसते, हे खरे. पण पेट्रोलपंपावरचे आणि दुकानांवरचे सीसीटीव्ही आले असते.

ही कल्पना हवेतली नाही. १५ फेब्रुवारी २०१३ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर मोठा अग्निगोल फुटला. कोलंबियातील मेदेयिन शहरात बसलेल्या सुलुआगा आणि फेरिन या दोन शास्त्रज्ञांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ घेतले. त्यांतल्या एकात चौकातल्या दिव्यांच्या खांबांच्या सावल्या अग्निगोलाबरोबर फिरत होत्या. खांबाची उंची, सावलीची लांबी आणि दिशा यांवरून अग्निगोल कुठे होता ते निघाले. दुसऱ्या गावचा व्हिडिओ जोडीला घेतला. आणि काही दिवसांत कक्षेचा पहिला अंदाज तयार झाला. सावलीवरून वेळ काढणे आपल्याला नवे नाही, इथे फक्त हिशेब उलटा केला.

वारंगा फाटा हा कळमनुरी तालुक्यातला. नांदेडहून येणारा रस्ता इथे फुटतो. एक फाटा हिंगोली-वाशीम-अकोल्याकडे, दुसरा उमरखेड-यवतमाळ-नागपूरकडे. रात्रभर ट्रक आणि ट्रॅव्हल्स, खिचडीच्या हॉटेलांचे दिवे. फाट्यावर उभे राहून आकाश पाहण्यात अर्थ नाही. पण डांबरी रस्ता सोडून दोन-तीन किलोमीटर शिवारात गेले की दिवाळीनंतरच्या कोरड्या रात्री अजून भरपूर तारे दिसतात. दक्षिणेच्या अंगाला नांदेडचा उजेड क्षितिजावर बसलेला असतो, म्हणून कॅमेऱ्याचे तोंड उत्तरेकडे ठेवलेले बरे. उत्तरेला पैनगंगा, इसापूर धरणाचे पाणी आणि पलीकडे पुसदच्या टेकड्या; तिकडे अंधार जास्त.

जोडीदार कुठे बसवायचा? माझ्या मते औंढा नागनाथला. वारंग्यापासून हवाई अंतर चाळीसेक किलोमीटर, म्हणजे व्हिपल यांच्या दोन कॅमेऱ्यांत होते तेवढेच. वारंग्याच्या बरोबर डोक्यावर ९० किलोमीटर उंचीवर एक उल्का पेटली असे धरा. औंढ्याहून ती डोक्यावर दिसणार नाही. ती माथ्यापासून सुमारे २४ अंश पूर्वेकडे कललेली दिसेल. हात लांब करून वीत पसरली तर साधारण वीस-बावीस अंश होतात. म्हणजे दोन गावांतल्या फोटोंत तीच उल्का ताऱ्यांमध्ये वीतभराहून जास्त सरकलेली असेल. साध्या कॅमेऱ्याच्या फोटोवरून ताऱ्यांच्या आधाराने दिशा अंशाच्या दहाव्या भागापर्यंत सहज मोजता येते. शंभर किलोमीटरवर त्या चुकीचे मोल पावणेदोनशे मीटर. उल्केच्या उंचीसाठी हे फार झाले.

औंढ्याचे नाव घेतले की आता लायगोची आठवण येते. गुरुत्वीय लहरींची भारतीय वेधशाळा औंढ्याजवळ व्हायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, २०२३ साली केंद्राची सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी. ती इथे का हवी, याचे एक मोठे कारण उल्केच्या दुसऱ्या फोटोसारखेच आहे. १४ सप्टेंबर २०१५ची पहिली लहर अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टनला आधी पोचली आणि हॅनफर्डला सुमारे सात मिलिसेकंद उशिरा. या फरकावरून लहर आकाशाच्या कोणत्या पट्ट्यातून आली एवढे कळले, नेमकी जागा नाही. दूरवर आणखी एक केंद्र असले की तो पट्टा आखूड होतो. विषय वेगळा, खर्च वेगळा, पण एका जागेवरून अंतराळातल्या जागेचा पत्ता लागत नाही ही अडचण तीच. ज्या तालुक्यात हे यंत्र उभे राहायचे आहे तिथल्या शाळेतल्या मुलांना तिचा अनुभव दोन कॅमेऱ्यांत देता येतो.

दोन कॅमेरे एकाच ताऱ्याकडे रोखले की झाले, असे पुष्कळांना वाटते. तसे केले तर दोघे आकाशाच्या वेगवेगळ्या तुकड्यांकडे पाहत बसतात, कारण तारे अनंत दूर आहेत आणि उल्का शंभर किलोमीटरवर. रोखायचे ते हवेतल्या एका जागेवर. समजा पुसदच्या वर ९० किलोमीटरचा बिंदू ठरवला. वारंग्याहून तो उत्तरेला, थोडा ईशान्येकडे, सुमारे ६० अंश उंच येतो. औंढ्याहून तोच ईशान्येला सुमारे ५० अंश उंच. मोबाइलमधले होकायंत्र आणि उतार दाखवणारे साधन यासाठी पुरेसे आहे. पाच अंश इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही. नेमकी दिशा नंतर फोटोतले तारे सांगतात. स्टेलेरियमसारखे मोफत सॉफ्टवेअर आणि फोटोतले तारे ओळखून देणारी अ‍ॅस्ट्रोमेट्री डॉट नेटची सोय यांनी ते काम सोपे केले आहे.

आता कॅमेरा. इथे एक गैरसमज फार रुजलेला आहे की शटर जितका वेळ उघडे तितकी उल्का उजळ. ताऱ्याच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे, उल्केच्या बाबतीत नाही. शंभर किलोमीटरवरून आडवी जाणारी जेमिनिड उल्का सेकंदाला वीस अंश धावते. नेहमीच्या कॅमेऱ्यात तिचा प्रकाश सेन्सरच्या एका बिंदूवर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो. ताऱ्याचा प्रकाश त्याच बिंदूवर दोन-तीन सेकंद पडत राहतो. त्यामुळे डोळ्यांना व्याधाइतकी ठळक दिसलेली उल्का फोटोत केसासारखी बारीक येते आणि काढणारा हिरमुसतो. शटर मिनिटभर उघडे ठेवल्याने उल्का रतीभरही उजळत नाही. फक्त मागचे आकाश उजळते आणि ती त्यात बुडते.

उल्केसाठी महत्त्वाचे काय, तर भिंगाच्या केंद्रांतराला एफ-आकड्याच्या वर्गाने भागून येणारी संख्या. कॅमेऱ्याबरोबर मिळणारे १८ मिमी, एफ/३.५चे भिंग घ्या: साधारण दीड. बाजारातले सर्वांत स्वस्त ५० मिमी, एफ/१.८ घ्या: पंधरा. दसपट फरक! मात्र ५० मिमीच्या चौकटीत आकाश सातव्या हिश्श्याइतकेच मावते. एकट्याने फोटो काढायचा असेल तर ५० मिमीने पुसट उल्काही पकडाव्यात. जोडीने काढायचा असेल तर दोन्ही चौकटी एकमेकींवर नीट पडल्या पाहिजेत, म्हणून मी २४ मिमी, एफ/२.८ हा मधला मार्ग पसंत करतो. महागड्या भिंगांची यादी देण्यात मला रस नाही. आयएसओ ३२०० आणि पंधरा सेकंदांची एक चौकट, लागोपाठ, रात्रभर. फोकस हाताने, एखाद्या ठळक ताऱ्यावर पडदा मोठा करून, आणि मग त्या कड्यावर चिकटपट्टी. फाइल रॉ स्वरूपात. मोबाइलवर काढायचे असेल तर अनेक चौकटींची सरासरी काढणारी रात्रीची सोय बंद करावी. दहा चौकटींच्या सरासरीत एका चौकटीतली उल्का दहाव्या हिश्श्याने उरते.

वेळेबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. पंधरा सेकंदांत आकाश अंशाच्या सोळाव्या भागाइतकेच फिरते. त्यामुळे उंची काढताना उल्का चौकटीच्या पहिल्या सेकंदाला आली की चौदाव्या, याने शंभर मीटरच्या आसपासच फरक पडतो. मग घड्याळ कशाला जपायचे? जुळणीसाठी. दोन गावांत मिळून रात्रीत चार-पाच हजार चौकटी होतात. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे सेकंदापर्यंत मिळवलेली असतील तर जोडी शोधायला दहा मिनिटे लागतात, नसतील तर आठवडा. सुरुवातीला आणि शेवटी मोबाइलमधल्या घड्याळाच्या सेकंदकाट्याचा फोटो त्याच कॅमेऱ्याने काढून ठेवावा, म्हणजे कॅमेऱ्याचे घड्याळ किती पुढे-मागे आहे ते कायमचे नोंदले जाते. हॉटेल, पंप, घर यांवरच्या सीसीटीव्हीचे तर घड्याळ हमखास चुकलेले असते. मोठा अग्निगोल दिसला तर त्याच रात्री डीव्हीआरच्या पडद्याशेजारी मोबाइलचे घड्याळ धरून एक फोटो घ्यावा आणि चित्रण उतरवून ठेवावे. काही दिवसांत ते आपोआप पुसले जाते.

फोटोत वेग येत नाही, ही मर्यादा राहते. एल्किनचे सायकलचे चाक आज कोणी बसवत नाही. त्याऐवजी सेकंदाला पंचवीस चौकटी घेणारे, मंद प्रकाशात चालणारे सीसीटीव्हीचे कॅमेरे वापरतात. क्रोएशियाच्या डेनिस व्हिदा यांनी उभे केलेले जागतिक उल्काजाळे अशाच स्वस्त कॅमेऱ्यांवर आणि रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर चालते. कॅमेरा छपरावर बसवला की तो संध्याकाळी आपण सुरू होतो, पहाटे बंद होतो आणि उल्का निवडून ठेवतो. अशी दोन छपरे हिंगोली-यवतमाळच्या पट्ट्यात हवीत असे मला फार वाटते.

कधी काढायचे? जगभरची पुस्तके ऑगस्टच्या पर्सिड्सचे गुणगान करतात. आपल्याकडे १२-१३ ऑगस्टला श्रावणाच्या मागेपुढे ढग भरलेले असतात. तो वर्षाव आपण मनातून काढलेला बरा. आपला वर्षाव १३-१४ डिसेंबरचा, जेमिनिड्सचा. वेग सेकंदाला ३५ किलोमीटर, म्हणजे पर्सिड्सच्या ५९च्या मानाने संथ, आणि संथ उल्का फोटोत जास्त ठळक येते. शिवाय मिथुनेतला तो उगमबिंदू आपल्या अक्षांशावर रात्री दोनच्या सुमारास जवळजवळ माथ्यावर येतो. त्या वेळी संख्या जास्त असते, पण पुसदच्या दिशेने रोखलेल्या चौकटीत उगमबिंदू जवळ आल्यामुळे रेघा आखूड पडतात. तीननंतर तो पश्चिमेला कलला की त्याच चौकटीत लांब, मोजायला सोप्या रेघा मिळू लागतात. झोप अनावर होते ती नेमकी तेव्हाच.

चंद्राचे मात्र पंचांगात पाहावे लागते. वर्षाव पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या जागेशी बांधलेला, म्हणून इंग्रजी तारीख ठरलेली. तिथी दरवर्षी वेगळी. २०२४ला १४ डिसेंबरलाच दत्तजयंती होती. मार्गशीर्षाचा पूर्ण चंद्र रात्रभर माथ्यावर, म्हणजे फोटोंच्या दृष्टीने वर्ष गेले.

दुसरा शत्रू दव. डिसेंबरात या शिवारात हळद उभी असते, हरभरा आणि गहू ओलिताखाली असतात. मध्यरात्रीनंतर भिंगावर दव धरते आणि तासाभराच्या चौकटी दुधाळ होऊन जातात. भिंगाभोवती कापडाचा वेढा आणि त्यात यूएसबीवर तापणारी पट्टी हा उपाय पुरतो. तिसरी गोष्ट रानडुकरे. एकट्याने बांधावर बसू नये. पण या भागात रात्री शिवार रिकामे नसतेच. थ्री-फेजची लाइट रात्रीच्या पाळीला असली की माणसे मोटार चालू करायला आणि दारे धरायला निघतात, कोणी जागलीला असतो. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त उल्का पाहिलेली माणसे हीच. एका रात्री एका जागल्याने मला विचारले होते, "किती पडले म्हणता? आमाला तर बारा वाजल्यापून चाळीसेक दिसले." त्याचा आकडा माझ्या कॅमेऱ्यापेक्षा मोठा होता, आणि विश्वासार्हही. डोळा एका नजरेत जेवढे आकाश धरतो तेवढे माझे भिंग धरत नाही.

फोटो घरी आल्यावर रेघा निवडताना साधी ओळख अशी: विमानाची रेघ दिव्यांच्या ठिपक्यांची असते. उपग्रहाची एकसारख्या जाडीची आणि पुढच्या चौकटीत चालू राहणारी. उल्का एकाच चौकटीत, दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये किंवा शेवटाकडे फुगलेली. रंग दिसला तर तोही बोलतो. मॅग्नेशियमचा हिरवा, सोडियमचा पिवळा, आणि फार वेगवान उल्कांच्या सुरुवातीला हवेतल्याच ऑक्सिजनचा हिरवा.

मासिकांच्या मुखपृष्ठांवर एकाच आकाशातून पन्नास उल्का बरसताना दाखवतात, ते फोटो रात्रभरच्या चौकटींतून उल्का कापून एकावर एक चिकटवलेले असतात. तसे लिहिलेले असेल तर माझी तक्रार नाही. लिहिलेले नसेल तर ती फसवणूक आहे. ते पाहून बाहेर पडलेला मुलगा तासाभराने तीन उल्का पाहून निराश होऊन परततो, वास्तविक तासाला तीन म्हणजे साध्या रात्रीच्या मानाने वाईट नव्हते. शिवाय मोजमापाला ते चित्र निरुपयोगी. कापलेल्या उल्केमागचे तारे तिचे स्वतःचे नसतात.

रस्ता रुंद झाला, प्रत्येक वळणावर एलईडीचे खांब आले, मंगल कार्यालयांचे झोत आकाशात जाऊ लागले. अंधार कमी होतो आहे, आणि तो कमी होण्याआधी ज्या गावांत अजून आहे तिथून नोंदी व्हायला हव्यात. यासाठी हौशी मंडळींचा आधार आहे; पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून काम करते आहे, मुंबईच्या खगोल मंडळाचे लोक वांगणीला रात्री जागवतात. मराठवाड्यात दोन शाळांनी, वारंग्याजवळच्या एका आणि औंढ्याजवळच्या एका, येत्या १३ डिसेंबरच्या रात्री एकेक कॅमेरा लावला तरी पहिली जोडी मिळण्याची शक्यता बरीच आहे. प्रत्येक ठिकाणी एका वहीत जागेचे अक्षांश-रेखांश, घड्याळातला फरक, चौकटीची सुरुवात आणि ढग आले-गेले त्या वेळा लिहाव्यात. मूळ फाइली पेनड्राइव्हवर किंवा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवाव्यात, साध्या फोटोसारख्या नाहीत. आणि रात्री कधीही डोळ्यांनी मोठा अग्निगोल दिसला, तर आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या नोंदपत्रात तो भरावा. तुम्ही कुठे उभे होता, किती वाजले होते, कोणत्या दिशेला पेटला आणि कोणत्या दिशेला विझला, एवढेच त्यात मुख्यतः विचारतात.